धनादेशाआधी ताळेबंद मागा: पुण्यातील ज्येष्ठ नागरिक संघांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारिणी सदस्य,
पुणे शहर व परिसरातील सर्व ज्येष्ठ नागरिक संघ

विषय: वार्षिक देणगीसाठी संस्था निवडण्याच्या पद्धतीबाबत

स. न. वि. वि.

वर्धापनदिन जवळ आला की बहुतेक संघांत देणगीची वही फिरते. कुणी पाचशे देते, कुणी हजार, एखादे सभासद पेन्शनच्या फरकातून पाच हजारही देतात. चाळीस हजारांपासून लाख-दीड लाखापर्यंत रक्कम सहज जमते. मग संस्था शोधायची वेळ येते, आणि ती फार घाईत येते. कुणाच्या तरी सुनेच्या ओळखीची संस्था सुचवली जाते किंवा मोबाइलवर आलेला एखादा व्हिडिओ सर्वांना हेलावून टाकतो. शाल-श्रीफळ होते, मोठ्या पुठ्ठ्याच्या धनादेशाबरोबर फोटो निघतो. पुढच्या वर्षी पुन्हा नवी संस्था.

आम्ही या व्यवहाराच्या दुसऱ्या बाजूला काम करतो. लहान संस्थांचे हिशेब लिहिणे, त्यांचे लेखापरीक्षण करणे, कुठे विश्वस्त म्हणून सह्या करणे, हे आमचे रोजचे काम. आमची विनंती एवढीच आहे: कागद ऑक्टोबरात मागा, डिसेंबरात संस्थेत जाऊन या, पैसे जानेवारीत द्या, आणि एकदा निवडलेली संस्था निदान तीन वर्षे धरून ठेवा.

ऑक्टोबर का, तर धर्मादाय संस्थांचे हिशेब ३१ मार्चला बंद होतात आणि लेखापरीक्षण साधारण ३० सप्टेंबरपर्यंत उरकते. ऑक्टोबरात मागितलेला अहवाल ताजा असतो. मार्चमध्ये मागाल तर तोच अहवाल वर्षाचा शिळा झालेला असतो, आणि संस्थेचा एकुलता हिशेबनीस वर्षअखेरीच्या गडबडीत तुम्हाला उत्तर द्यायला मोकळा नसतो.

आता लहान संस्था म्हणजे किती लहान? आमच्या मते वर्षाचा खर्च १० ते ५० लाखांच्या घरात असलेली. कोट्यवधींच्या उलाढालीत तुमचे ७५ हजार कुणाच्या लक्षातही येत नाहीत. पण मुळशी-भोरकडे किंवा शहरातल्याच एखाद्या वस्तीत अभ्यासिका चालवणाऱ्या गटाला तेवढ्यात एका शिक्षिकेचा पाच-सहा महिन्यांचा पगार निघतो. याहून लहान, म्हणजे दोन-तीन लाखांत काम करणारे गटही असतात. त्यांना मदत जरूर करा, पण त्यांच्याकडे पुरेसे कागद नसतील हे गृहीत धरून रक्कम कमी ठेवा आणि भेटी वाढवा.

कागद तीनच मागायचे. त्याहून मोठी यादी पाठवली तर चांगली संस्थाही वैतागते.

पहिला, नोंदणीचा. महाराष्ट्रातली संस्था बहुधा १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असते. नोंदणी क्रमांकाच्या आधी ‘ई’ असेल तर तो धर्मनिरपेक्ष कामाचा न्यास. ‘एफ’ असेल तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालचीही नोंद तिच्याकडे आहे. क्रमांकापुढे जिल्ह्याचे नाव असते. नुसते प्रमाणपत्र पाहून थांबू नका, कारण ते स्थापनेच्या वेळचे असते आणि भिंतीवर टांगलेले असते. धर्मादाय कार्यालयातल्या नोंदवहीचा, म्हणजे ‘परिशिष्ट एक’चा उतारा मागा. त्यात आजचे विश्वस्त आणि मिळकत दिसते. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. उताऱ्यावर दिवंगत विश्वस्तांचीच नावे असतील तर अर्ज केला का, त्याची पोच कुठे आहे, हे विचारा. अर्ज कार्यालयात प्रलंबित असणे हा संस्थेचा दोष नव्हे. अर्जच न करणे हा मात्र दोष आहे, आणि पुढे विश्वस्तांत भांडण लागले की बँक खाते याच मुद्द्यावर अडकते. संस्था कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी असेल तर तिची कागदपत्रे कंपनी निबंधकांकडे असतात आणि केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर थोडे शुल्क भरून पाहता येतात.

नीती आयोगाच्या ‘दर्पण’ पोर्टलवरचा क्रमांक संस्था अभिमानाने दाखवतात. तो घेणे चांगलेच, पण ती केवळ नोंद आहे. सरकारने काम तपासून शिक्का मारला, असा त्याचा अर्थ होत नाही.

दुसरा कागद सर्वांत महत्त्वाचा: तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, लेखापरीक्षकाच्या शेऱ्यांसकट. कार्यकारिणीत बँकेतून किंवा लेखा खात्यातून निवृत्त झालेले कुणी ना कुणी असतेच. हे काम त्यांच्याकडे द्या. विश्वस्त कायद्याच्या नियमांतले परिशिष्ट आठ म्हणजे ताळेबंद, परिशिष्ट नऊ म्हणजे उत्पन्न-खर्च पत्रक. त्यांना जोडून नियम १९ खालची लेखापरीक्षकाची प्रश्नोत्तरे असतात: हिशेब नियमित लिहिले आहेत का, हातातली शिल्लक आणि व्हाउचर जुळतात का, न्यासाच्या उद्देशाबाहेर पैसा गेला का, वर्षाहून अधिक काळ थकलेले येणे आहे का. देणगीदार नेमके हेच पान उलटून टाकतात. आम्हाला विचाराल तर वाचायला सुरुवात तिथून करावी. सगळी उत्तरे एकसारखी ‘नाही’, ‘लागू नाही’ अशी ठोकळेबाज असतील तर लेखापरीक्षकाने फार कष्ट घेतलेले नाहीत, एवढे कळते. एखादा प्रतिकूल शेरा असेल तर घाबरू नका. त्यावर पुढच्या वर्षी काय केले ते पाहा. म्हणून तर तीन वर्षांचे अहवाल.

ताळेबंदात चार जागा पाहायच्या. हातातली रोख: २० लाख खर्चाच्या संस्थेकडे ३१ मार्चला दोन-तीन हजार रोख असणे स्वाभाविक, दीड लाख असेल तर का, हे विचारा. आगाऊ दिलेल्या रकमा: त्याच माणसाच्या नावावर तीच रक्कम तीन वर्षे पडून असेल तर ती बहुधा परत येणार नाही. विश्वस्तांशी किंवा त्यांच्या नातेवाइकांशी असलेले कर्ज, भाडे, खरेदी: संस्थेने विश्वस्ताला कर्ज देणे आम्हाला कोणत्याही कारणाने पटत नाही. उलट, पगाराच्या तारखेला विश्वस्ताने पदरचे पैसे घालून संस्थेला उसने देणे लहान संस्थांत सर्रास चालते, आणि त्यात वाईट काही नाही. चौथी जागा मुदत ठेवींची. ठेवी तीन वर्षांच्या खर्चाएवढ्या असतील आणि त्या इमारतीसारख्या ठरावीक कामासाठी राखलेल्या नसतील, तर तुमच्या पैशाची गरज दुसऱ्या कुणाला अधिक आहे. चार ते सहा महिन्यांचा खर्च भागेल एवढी गंगाजळी असणे हे शहाणपणाचे लक्षण. एका महिन्याचाही आधार नसेल तर एक अनुदान लांबले की काम थांबते.

आता ज्यावर संघांत हमखास वाद होतो तो मुद्दा. ‘प्रशासकीय खर्च किती टक्के?’ हा प्रश्न ऐकला की आम्ही हताश होतो. परिशिष्ट नऊमध्ये ‘आस्थापना खर्च’ हे एक सदर आहे आणि ‘न्यासाच्या उद्देशांवरील खर्च’ हे दुसरे. अभ्यासिकेतल्या शिक्षिकांचा पगार एक लेखापरीक्षक पहिल्यात टाकतो, दुसरा दुसऱ्यात. काम तेच, खर्च तोच, पण एका संस्थेची टक्केवारी ४० दिसते आणि दुसरीची ८. या आकड्यावरून दोन संस्थांची तुलना करणे निरर्थक आहे. त्यापेक्षा पगारपत्रक मागा. समजा पाच जणी दरमहा १४ हजारांवर काम करतात; वर्षाचे ८ लाख ४० हजार झाले. बाकी भाडे, वीज, वह्या-पुस्तके, प्रवास, लेखापरीक्षण शुल्क मिळून साडेतीन लाख. मुले ९०. म्हणजे एका मुलामागे वर्षाला सुमारे १३ हजार २०० रुपये. हा आकडा कामाच्या स्वरूपाला शोभतो का, हे निवृत्त शिक्षक सभासद लगेच सांगू शकतील. ‘आमचा प्रशासकीय खर्च शून्य’ असे म्हणणाऱ्या संस्थेत हिशेब कोण लिहितो, याची आम्हाला आधी चौकशी करावीशी वाटते. विश्वस्ताला मानधन दिलेले दिसले तरी भुवया लगेच उंचावू नका. पूर्णवेळ राबणाऱ्या संस्थापिकेने पोटाला चिमटा काढावा ही अपेक्षा अन्यायाची आहे. मानधनाला न्यासपत्रात मुभा आहे का आणि रक्कम बाजाराला धरून आहे का, एवढे पाहा.

तिसरा कागद प्राप्तिकराचा, देणगीदाराला करात वजावट मिळवून देणाऱ्या ८०जी मान्यतेचा आदेश. २०२१ पासून जुन्या, ‘कायमस्वरूपी’ म्हणवल्या जाणाऱ्या मान्यता संपल्या आणि सगळ्यांना नव्याने अर्ज करावा लागला. तरीही काही पावत्यांवर जुनाच क्रमांक छापलेला सापडतो. नवी मान्यता पाच वर्षांची, आणि तात्पुरती असेल तर तीन वर्षांची. पहिल्या फेरीत मिळालेल्या बऱ्याच मान्यतांची मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंतचीच. त्यापुढच्या काळाचा आदेश हातात आहे का, हा आत्ताचा कळीचा प्रश्न. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदललेले आहेत. पावतीवर वेगळा आकडा दिसला तर दचकू नका.

८०जी मान्यता नाही, तेवढ्यावरून संस्था बाद मात्र करू नका. जे सभासद नव्या करप्रणालीत आहेत त्यांना ही वजावट मिळतच नाही. जुन्या प्रणालीतल्यांनाही सर्वसाधारण संस्थेच्या देणगीवर निम्मीच वजावट मिळते, तीही उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत, आणि दोन हजारांपेक्षा जास्त रोख दिली असेल तर शून्य. करसवलतीसाठी चांगली संस्था सोडणे हा बहुतेक सभासदांच्या बाबतीत आतबट्ट्याचा हिशेब आहे.

ज्यांना वजावट हवी आहे त्यांची कुचंबणा संघच करतो, ती अशी. वहीत नावे लिहून रोख जमा होते, संघाच्या खात्यात भरली जाते आणि संघाचा एकच धनादेश जातो. मग पावतीही संघाच्याच नावाची. संस्थेला प्रत्येक देणगीदाराचे नाव, पत्ता, पॅन किंवा आधार आणि रक्कम प्राप्तिकर खात्याला कळवावी लागते. गेली काही वर्षे त्याची मुदत ३१ मे आहे. त्यानंतर प्रत्येकाला ज्याला आपण १०बीई म्हणतो ते प्रमाणपत्र मिळते, आणि त्यावरचा क्रमांक विवरणपत्रात भरल्याशिवाय वजावट मिळत नाही. तेव्हा वजावट हवी असलेल्या सभासदांनी थेट संस्थेच्या खात्यात भरावे आणि संघाने त्यांची यादी संस्थेला पाठवावी. उरलेल्यांची रक्कम संघामार्फत जाऊ द्या, पण तिच्याबरोबरही नावे द्या. निनावी देणग्या एका मर्यादेपलीकडे गेल्या की संस्थेला त्यांवर ३० टक्के कर बसतो. तुमचा संघ स्वतःच करमुक्त न्यास असेल आणि स्वनिधीतून देत असेल, तर दुसऱ्या संस्थेला दिलेल्या देणगीपैकी ८५ टक्केच खर्च म्हणून धरला जातो, हेही तुमच्या लेखापरीक्षकाला आठवण करून द्या.

पैसे भरताना खात्याचे नाव आणि नोंदणीतले नाव अक्षरशः जुळले पाहिजे. क्यूआर कोड मारल्यावर पडद्यावर संस्थापकाचे वैयक्तिक नाव आले तर तिथेच थांबा, मग कारण काहीही सांगितले जावो.

परदेशी मुलांबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण पुण्यातल्या संघांत हा घोळ नेहमीचा आहे. मुलगा अमेरिकेत आहे पण पासपोर्ट भारतीय, अशा वेळी त्याने आपल्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी अंशदान ठरत नाही. त्याने तिथले नागरिकत्व घेतले असेल, मग ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचे) कार्ड असले तरी, ती विदेशी देणगी होते. ती घ्यायला संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे विदेशी अंशदान नियमन कायद्याखालची, नोंदणी हवी आणि पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावे लागतात. ही नोंदणी मिळायला संस्थेला तीन वर्षे पूर्ण आणि त्या तीन वर्षांत कामावर १५ लाखांचा खर्च अशी अट आहे. त्यामुळे बहुतेक लहान संस्थांकडे ती नसते. मुलाचे पैसे आईवडिलांच्या खात्यातून फिरवून देणे ही पळवाट नाही. कायदा हात बदललेल्या पैशालाही विदेशीच मानतो. एका प्रेमळ आजोबांच्या पंचवीस हजारांपायी संस्थेला नोटीस येऊ शकते.

कागद जुळले की भेट. कार्यक्रमाच्या, झेंडावंदनाच्या, स्नेहसंमेलनाच्या दिवशी जाऊ नका. त्या दिवशी सगळ्याच संस्था छान दिसतात. साध्या मंगळवारी, काम चालू असताना, तिघांनी जा. आधी कळवून जा. लहान संस्थेवर छापा घालायचे कारण नाही. तिथे हजेरीपट पाहा आणि समोरची डोकी मोजा. पटावर ९० आणि वर्गात ५५ असतील तर कारण विचारा, ऊसतोड किंवा वीटभट्टीच्या हंगामासारखे खरे कारणही असू शकते. वसतिगृह असेल तर कोठीची नोंदवही आणि स्वच्छतागृह पाहा, दिवाणखाना नव्हे. गेल्या वर्षी तुम्हीच दिलेली देणगी असेल तर तिची पावती, बँकेतली जमा आणि ज्या कामासाठी दिली त्याचे व्हाउचर दाखवायला सांगा. याहून सोपी तपासणी नाही, आणि ती क्वचितच कुणी करते.

प्रश्नही मोजकेच विचारा. गेल्या वर्षी काय जमले नाही? तुम्ही आजारी पडलात तर दोन महिने काम कोण पाहील? आम्ही पैसे दिले नाहीत तर कशाला कात्री लागेल? पहिल्या प्रश्नाला ‘सगळे उत्तम झाले’ हे उत्तर आले तर आम्ही तरी सावध होतो.

बालगृह असेल तर बाल न्याय कायदा, २०१५ खालची नोंदणी वेगळी लागते, नुसती धर्मादाय नोंदणी पुरत नाही. आणि तिथल्या मुलांची ओळख उघड करणे हा याच कायद्याने गुन्हा आहे. संघाच्या व्हॉट्सॲप समूहावर खाऊ वाटतानाचे फोटो टाकायचे नाहीत. जी संस्था तुम्हाला फोटो काढू देत नाही ती उद्धट नाही, जबाबदार आहे. जाताना जुने कपडे, कालबाह्य औषधे आणि वाढदिवसाचे उरलेले केक घेऊन जाऊ नका. त्यांची विल्हेवाट लावण्यात एका कर्मचाऱ्याचा दिवस जातो.

देणगी देताना पत्रात एक ओळ जपून लिहा. ‘कायम निधीसाठी’ असे भारदस्त वाटते म्हणून लिहिले जाते आणि पैसा ठेवीत अडकतो. संस्थेच्या हाती वर्षाला फक्त व्याज येते. ७५ हजारांवर सहा-सात टक्के धरले तर पाच हजार रुपये, म्हणजे महिन्याचे वीजबिल. मुद्दाम निधी उभारायचा नसेल तर ‘संस्थेच्या सर्वसाधारण कामासाठी, पगारासह’ असे लिहा. संगणक, पाण्याचे फिल्टर, नावाची पाटी लावता येईल अशी कपाटे सगळेच देतात. पगार द्यायला कुणी तयार नसतो, आणि पगार थकला की चांगली शिक्षिका सोडून जाते.

तीन वर्षांचा आग्रह याचसाठी. पूर्वी या शहरात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. मंगळवारचे घर ठरलेले असले की मुलगा अभ्यासाला बसू शकत असे. संस्थेलाही येत्या जानेवारीत ७५ हजार नक्की येणार हे ठाऊक असले की ती जूनमध्ये शिक्षिका नेमते. दरवर्षी नवी संस्था शोधण्यात दात्याला समाधान मिळत असेल, घेणाऱ्याला त्यातून काही आखता येत नाही. बदल्यात दरवर्षी अहवाल आणि एक भेट, एवढे मागण्याचा हक्क तुम्हाला राहतोच. अहवाल सांगूनही सहा महिने आला नाही तर पुढचा हप्ता थांबवा, आणि का थांबवला ते लेखी कळवा.

पुढील सभेत मांडता येईल असा ठरावाचा मसुदा देत आहोत. आपापल्या घटनेनुसार फेरफार करावा.

‘संघाच्या वार्षिक देणगीसाठी तीन सभासदांची समिती नेमण्यात येत आहे. समितीतील एकाला हिशेबाचा अनुभव असावा आणि कुणाचाही निवडल्या जाणाऱ्या संस्थेशी नातेसंबंध किंवा पदाचा संबंध नसावा. समितीने ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त चार संस्थांकडून परिशिष्ट एकचा उतारा, तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल व प्राप्तिकर मान्यतेचा आदेश मागवावा. डिसेंबरअखेर दोन संस्थांना भेट द्यावी. एका संस्थेची शिफारस लेखी कारणांसह कार्यकारिणीपुढे ठेवावी. देणगी १५ ते ३१ जानेवारीदरम्यान, संस्थेच्या नोंदणीकृत नावाच्या खात्यात, सर्वसाधारण कामासाठी द्यावी. अहवाल व भेट समाधानकारक असल्यास हीच संस्था तीन वर्षे कायम राहील.’

कळावे, लोभ असावा.

आपले,
पुण्यातील लहान संस्थांचे हिशेब, लेखापरीक्षण आणि विश्वस्तपद सांभाळणारे काही कार्यकर्ते